चौकात फटके द्या म्हणणाऱ्यांना एका फौजदारी वकिलाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: वस्तीत रात्री कोयते नाचवून गाड्या फोडणारी पोरं पकडली जातात, काही दिवसांत जामिनावर सुटतात आणि पुन्हा त्याच नाक्यावर उभी राहतात. त्यांना सिंगापूरसारखे फटके का देत नाहीत? तुरुंगात फुकट पोसण्यापेक्षा चौकात दहा फटके दिले तर धाक बसणार नाही का? आणि शाळेतली छडी गेली तिथूनच हे बिघडायला सुरुवात झाली, हे खरं नाही का?

मी जिल्हा व सत्र न्यायालयात बरीच वर्षं फौजदारी कामं चालवतो. जास्त करून आरोपीच्या बाजूने, अधूनमधून फिर्यादीच्या बाजूनेही. ज्याची गाडी फुटली त्याचा संताप मला खोटा वाटत नाही. हप्त्यावर घेतलेली रिक्षा फुटली की महिन्याचं गणित कोसळतं, आणि फोडणारा दहाव्या दिवशी समोरून शीळ वाजवत जातो. त्याच्या पाठीवर वळ दिसावेत असं कुणालाही वाटेल. तरीही माझं उत्तर ‘नाही’ आहे. ‘आपण सुसंस्कृत समाज आहोत’ हे त्याचं कारण नाही. ते वाक्य ज्याची रिक्षा फुटली त्याला ऐकवायला मला लाज वाटेल. माझी कारणं कोर्टातली आणि पोलीस ठाण्यातली आहेत.

पहिली गोष्ट, फटक्यांची शिक्षा आपल्याला नवीन नाही. ती आपल्या कायद्यात जवळजवळ शंभर वर्षं होती. एल्फिन्स्टनच्या काळातल्या १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनमध्ये फटके होते. मेकॉलेने दंडसंहितेचा मसुदा केला तेव्हा मात्र त्यात फटके ठेवले नाहीत. म्हणून १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ५३ मध्ये फाशी, काळं पाणी, कैद, मालमत्ता जप्ती, दंड हे सगळं होतं, फटके नव्हते. ही संहिता अमलात आली १८६२ मध्ये, आणि दोनच वर्षांत, १८६४ मध्ये, सरकारने स्वतंत्र फटके कायदा आणून मागच्या दाराने ती शिक्षा आत घेतली. १९०९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५५ च्या ४४ क्रमांकाच्या कायद्याने ती रद्द केली.

१८६४ च्या कायद्यातली गुन्ह्यांची यादी वाचण्यासारखी आहे. पहिल्याच गुन्ह्याला फटके कशासाठी, तर चोरी, नोकराने केलेली चोरी, चोरीचा माल घेणं, घरफोडी वगैरे. यादी वाचता वाचता समोर कोणत्या माणसाचा चेहरा येतो ते बघा. बंगल्यात राहणाऱ्याचा येत नाही. सात वर्षांनी, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. त्यात पासाशिवाय नेमून दिलेल्या हद्दीबाहेर पाऊल टाकलं तरी फटक्यांची तरतूद होती. चोरी सिद्ध व्हायची गरज नव्हती, हद्द ओलांडणं पुरे होतं. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींमागे पुढे हेच कायदे लागले. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटची आठवण सांगणारी घरं आजही आहेत. तो कायदा जाऊन १९५२ च्या ऑगस्टमध्ये या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पोलीस ठाण्यातली यादी मात्र अजून पूर्ण विमुक्त झालेली नाही, पण त्याकडे नंतर येतो.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं धान्य चोरू लागली. तुरुंग भरले. तेव्हा फटक्यांचा वापर सरकारला फार सोयीचा पडला: कैद्याला खायला घालायला नको, जागा अडवायला नको, वेत मारा आणि सोडून द्या. ‘तुरुंगात फुकट पोसण्यापेक्षा’ हा आजचा युक्तिवाद तेव्हाचाच आहे. भुकेने धान्य चोरणाऱ्याला फटके देऊन पुन्हा भुकेच्या हवाली करणं, एवढाच त्याचा हिशेब होता.

राजकारणाचंही तसंच. १९१९ मध्ये पंजाबात लष्करी कायदा लागला तेव्हा अमृतसर, लाहोर, कसूर इथे लोकांना उघड्यावर टिकटीला बांधून फटके मारले गेले. अमृतसरमध्ये एका इंग्रज बाईवर हल्ला झाला त्या गल्लीत सहा पोरांना फटके दिले, आणि ते दिले तेव्हा त्या हल्ल्याचा त्यांच्यावरचा आरोप सिद्धही झालेला नव्हता. १९२१ मध्ये बनारसच्या कोर्टात नाव ‘आझाद’ सांगणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला पंधरा फटके पडले. त्याला किती धाक बसला ते सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारी पाकिस्तानात लष्करशहा झिया-उल-हक यांनी फटके आणले ते गुन्हेगारांना वठणीवर आणायला. १९७८ मध्ये ते पत्रकारांच्या पाठीवर पडले. राज्याच्या हातात वेत दिला की तो कुणावर चालवायचा हे तुम्ही-आम्ही ठरवत नाही.

आता कायद्याच्या बारीक अक्षरांकडे येतो, कारण ‘चौकात ताबडतोब’ ही कल्पना तिथेच फुटते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत फटक्यांची अंमलबजावणी कशी करायची याची कलमं होती. वेत किमान अर्धा इंच जाडीचा, जास्तीत जास्त ३० फटके. बायकांना नाहीत. पंचेचाळिशीच्या पुढच्या पुरुषाला नाहीत. डॉक्टरने ‘हा माणूस सहन करू शकेल’ असं लिहून दिल्याशिवाय नाहीत, आणि मध्येच तब्येत ढासळली तर थांबवायचे. उरलेले फटके नंतर हप्त्याहप्त्याने द्यायलाही बंदी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कैदेसोबत फटक्यांची शिक्षा झाली आणि निकाल अपिलास पात्र असेल तर पंधरा दिवस थांबायचं, आणि अपील दाखल झालं तर वरच्या कोर्टाने शिक्षा कायम करेपर्यंत हातसुद्धा लावायचा नाही. हे इंग्रजांनी, वसाहतीत, दयामायेची फारशी सवय नसताना लिहिलं. कारण उघड आहे. दंड परत करता येतो, कैद मध्येच थांबवता येते, पाठीवरचा फटका परत घेता येत नाही.

आज फटके आणले तर ही अट ठेवावीच लागेल. मग हिशेब मांडा. गुन्हा दाखल, तपास, दोषारोपपत्र, आरोप निश्चिती, साक्षीपुरावे, निकाल, अपील. आपल्याकडे वेळ जातो तो निकालाच्या आधी. पंच हजर राहत नाहीत, तपासी अंमलदाराची बदली झालेली असते, मुद्देमाल वेळेवर कोर्टात येत नाही, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल अडकलेला असतो, सरकारी वकिलाच्या टेबलावर एका दिवशी झेपणार नाहीत इतकी कामं असतात. शिक्षा कोणती हा प्रश्न या सगळ्याच्या शेवटी येतो. कैदेच्या जागी फटके लिहिल्याने यातली एकही तारीख कमी होत नाही. गाडी फोडणारा पोरगा आठव्या दिवशी जामिनावर सुटायचा तो तसाच सुटेल, आणि त्याच्या पाठीवर वेत पडायचाच झाला तर चार-पाच वर्षांनी पडेल. तोवर कदाचित त्याचं लग्न झालेलं असेल आणि तो कुठे तरी डिलिव्हरीचं काम करत असेल.

‘मग जामीनच देऊ नका’ असं कुणी म्हणेल. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरंही वेगळी आहेत. शेवटी सांगतो.

सिंगापूरचं उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं, म्हणून त्याबद्दल नीट सांगतो. तिथे फटके आहेत, आणि ते इंग्रजांनीच मागे ठेवलेले आहेत. तिथला वेत जास्तीत जास्त १.२७ सेंटिमीटर जाडीचा, म्हणजे तोच अर्धा इंच. एका वेळी कमाल २४ फटके. बायका आणि पन्नाशीच्या पुढचे पुरुष वगळलेले. १९९४ मध्ये मायकेल फे या अमेरिकन मुलाला गाड्यांची नासधूस केल्याबद्दल सहा फटक्यांची शिक्षा झाली, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी रदबदली केल्यावर ते चार झाले, आणि तेव्हापासून जगभर हेच उदाहरण फिरतंय. पण दोन गोष्टी आपल्याकडच्या फॉरवर्डमध्ये कधी नसतात. एक, तिथे फटके चौकात देत नाहीत, तुरुंगाच्या आत देतात. दोन, कोर्टाचे फटके तिथे सहसा कैदेच्या जोडीला येतात. फे यालाही चार महिने कैद होतीच. म्हणजे ‘पोसण्याचा खर्च वाचतो’ हा मुद्दा सिंगापूरच्या बाबतीत लागूच होत नाही.

सिंगापूर सुरक्षित आहे ते फटक्यांमुळे की पकडलं जाण्याच्या खात्रीमुळे, हे तपासायला शेजारीच एक सोय आहे. हाँगकाँग. तेही इंग्रजी वसाहत, तेही दाट वस्तीचं बंदर, तिथेही कोर्टाचे फटके होते. १९९० मध्ये त्यांनी ते बंद केले. हाँगकाँगमध्ये त्यानंतर गुन्हेगारीचा स्फोट झाला नाही. आजही ते जगातल्या कमी गुन्ह्यांच्या शहरांत मोडतं. दोन्हीकडे सारखी असलेली गोष्ट वेगळी आहे: गुन्हा केला तर पोलीस येतात, आणि खटला वर्षानुवर्षं लोंबकळत नाही.

खुद्द इंग्लंडचा अनुभवही पाहून घ्या. १८६० च्या सुमारास लंडनमध्ये रस्त्यात गळा आवळून लुटण्याच्या घटनांनी घबराट उडाली. लोक खवळले, आणि १८६३ मध्ये अशा लुटारूंना फटके देणारा कायदा झाला. लाट ओसरली. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं ‘बघा, फटक्यांनी लुटारू सरळ केले’ असं तिथले न्यायाधीशसुद्धा म्हणत राहिले. १९३८ मध्ये सरकारने नेमलेल्या कॅडोगन समितीने कागदपत्रं काढली तेव्हा दिसलं की लाट कायदा होण्याच्या आधीच ओसरली होती. समितीने जबरी चोरीत शिक्षा झालेल्यांची पुढची वाटचालही तपासली: फटके खाल्लेले आणि न खाल्लेले. फटके खाल्लेले काही जास्त सुधारलेले निघाले नाहीत. समितीने शिफारस केली, मध्ये महायुद्ध आलं, आणि १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये कोर्टाच्या फटक्यांची शिक्षा गेली. ज्यांनी आपल्याला वेत दिला त्यांनीच हिशेब तपासून तो टाकला. आपण मात्र तो माळ्यावरून काढायच्या गोष्टी करतोय.

सौदी, इराण, तालिबान यांच्याबद्दल फार लिहीत नाही. सौदी अरेबियानेसुद्धा २०२० मध्ये न्यायाधीशांच्या मर्जीवर असलेले फटके बंद करून त्या जागी दंड-कैद आणली, एवढं सांगितलं तरी पुरे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, जो माझ्या रोजच्या कामातला आहे. फटके आपल्याकडे बंद झालेलेच नाहीत. १९५५ मध्ये कोर्टाच्या हातातून वेत गेला. पोलीस ठाण्यातला पट्टा राहिला. फरक एवढाच की कायद्याच्या फटक्यांना आधी खटला, मग निकाल, मग डॉक्टर, मग मोजदाद होती. पट्ट्याला यातलं काहीच नाही, आणि तो आरोप सिद्ध व्हायच्या आधी पडतो.

रिमांडच्या दिवशी कोर्टात येऊन बसा. आरोपीला पुढे आणतात, न्यायदंडाधिकारी विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?” दहातले नऊ म्हणतात, “नाही.” ज्याला नीट उभंही राहता येत नाही तोही “नाही” म्हणतो, कारण पोलीस कोठडी मिळाली तर रात्री परत त्याच खोलीत जायचं असतं. आम्ही वकील कोपऱ्यात हळूच विचारतो तेव्हा तळपाय दाखवतात. तळपायावर मारायचं, कारण तिथले वळ सहजासहजी दिसत नाहीत. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अटकेचे नियम घालून दिले, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी सांगितली. तपासणी होते. कागदावर ‘ताजी जखम नाही’ असं येतं. सगळे डॉक्टर असं लिहितात असं म्हणणार नाही. काही जण नीट लिहितात, आणि त्यांच्यामुळे पुढे खटला उभा राहतो. पण सरकारी रुग्णालयात रात्री अकराला दोन हवालदार समोर उभे असताना खरं लिहायला धैर्य लागतं.

यातून पुराव्याला काय मिळतं? काहीच नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम २५ नुसार ग्राह्य नव्हता आणि नव्या साक्ष अधिनियमातही नाही. मारून कबूल करून घेतलेला गुन्हा कोर्टात टिकत नाही, आणि खरा तपास तर झालेलाच नसतो. मग आरोपी सुटतो आणि लोक म्हणतात, वकिलाने सोडवला. अनेकदा त्याला सोडवणारा पट्टाच असतो.

आणि ही गोष्ट कुठवर जाते? २०१७ मध्ये सांगलीत लुटीच्या एका प्रकरणात पकडलेला तरुण कोठडीत मारहाणीत मेला, तेव्हा पोलिसांनीच मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला आणि ‘आरोपी पळाला’ अशी नोंद केली. हा आरोप कुण्या कार्यकर्त्याचा नाही, त्यावरून पोलिसांनाच अटक झाली. लुटीच्या गुन्ह्याला कोणत्याही कायद्यात मरण नाही.

पुण्यात कोयता गँगच्या पोरांची पोलिसांनी त्यांच्याच वस्तीतून धिंड काढली की व्हिडिओखाली टाळ्यांचा पाऊस पडतो. मी त्या पोरांच्या घरचे पाहिलेत. धिंड निघालेला पोरगा वस्तीत शरमेने मान खाली घालतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा तो ‘भाई’ होऊन परत येतो. व्हिडिओ त्याच्याच स्टेटसवर असतो, मागे गाणं लावलेलं. पोलिसांचा मार हे त्या जगात प्रमाणपत्र आहे. आम्हा वकिलांना हे कोळून प्यायल्यासारखं माहीत आहे, ठाण्यातल्या जुन्या हवालदारांनाही माहीत आहे.

शिवाय फटके कुणाच्या पाठीवर? मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव आलिशान गाडीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने पहिल्या दिवशी तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर सोडलं होतं. उद्या फटक्यांचा कायदा झाला तर त्या घरातल्या मुलाच्या पाठीपर्यंत वेत पोचेल असं खरंच वाटतं का? मला वाटत नाही. पोचेल तो मघाच्या यादीतल्या लोकांपर्यंत.

त्या यादीचाच एक खटला सांगतो. महाराष्ट्रात २००३ मध्ये दरोडा, खून आणि बलात्काराची एक भीषण घटना घडली. भटक्या समाजातल्या सहा जणांना धरलं गेलं. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची कायम ठेवली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. मग त्याच सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सगळ्यांना निर्दोष सोडलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांच्या फोटोंमधून सुरुवातीला वेगळीच माणसं ओळखली होती, आणि ते बाजूला पडलं होतं. न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं गेली, पण माणसं जिवंत बाहेर आली. ज्या जनतेने तेव्हा चौकात फाशी द्या म्हटलं असेल तिचं ऐकलं असतं तर भरपाई द्यायलाही कुणी उरलं नसतं.

एक युक्तिवाद मात्र मी हसण्यावारी नेत नाही. तो असा: समजा आरोपीलाच निवड दिली, सहा महिने जेल की दहा फटके, तर तो काय घेईल? माझ्या अशिलांना विचारलंत तर बरेच जण फटके घेतील. सहा महिन्यांत नोकरी जाते, खोलीचं भाडं थकतं, बायको माहेरी जाते, मुलाची शाळा सुटते, आणि बराकीत नवीन ओळखी होतात त्या वेगळ्याच. दहा फटके आठ दिवसांत बरे होतात. हे खरं आहे. पण यातून सिद्ध काय होतं? आपले तुरुंग इतके वाईट आहेत की माणूस त्यापेक्षा मार पत्करतो. देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही. त्यांना फटक्यांचा काय उपयोग?

लहान गुन्ह्याला कैद नको असेल तर कायद्यात वाटा आहेत, आपण त्या वापरत नाही. १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे: पहिल्यांदा चुकलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येतं. माझ्या अनुभवात निम्मे तरुण वकील तो मागायचंच विसरतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवा ही शिक्षा पहिल्यांदाच आणली आहे. पाच हजारांच्या आतली पहिली चोरी असेल आणि माल परत केला असेल तर कोर्ट समाजसेवा सांगतं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे आताच्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम ४७९ नुसार पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं आहे, गंभीर गुन्ह्यांचे अपवाद वगळून. गाडी फोडणाऱ्या पोराने त्याच वस्तीतली गटारं दोन महिने रोज सकाळी साफ केली, तर मला वाटतं फटक्यांपेक्षा ते जास्त लागेल. गाडीच्या कलमाखाली आज तसं करता येत नाही, पण कायदा बदलायचाच असेल तर मागणी ही करा.

डॉक्टरांचा मुद्दा राहिला. फटक्यांना वैद्यकीय दाखला लागतो. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९७५ च्या टोकियो जाहीरनाम्याप्रमाणे डॉक्टरने अशा कामात सहभागी व्हायचं नाही. म्हणजे दाखला देणारा डॉक्टर आपल्या धंद्याच्या नीतीशी फारकत घेईल, किंवा दाखल्याशिवाय फटके पडतील.

आता शाळा. छडी खाल्लेली पिढी सरळ निघाली हे मला मान्य नाही, कारण माझ्याकडे येणारे पन्नाशी-साठीचे आरोपीही छडी खाऊनच शिकलेले आहेत. सातबाऱ्यात फेरफार करणारे, पतसंस्था बुडवणारे, सुनेला छळणारे. आणि छडी ‘गेली’ हे तरी कुठे खरं आहे? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांत केलेल्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या तीनातल्या दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं. कायद्याने बंदी आली ती त्यानंतर, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने, शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर. दिल्ली उच्च न्यायालयाने २००० मध्येच तिथल्या शाळांच्या नियमांतली छडी रद्द केली होती.

शिक्षकांची अडचण मी समजतो. एका वर्गात साठ मुलं, वर जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणं, आणि मुलाला नुसतं रागावलं तरी बाप दारू पिऊन शाळेत येतो. पण त्याला उत्तर छडी नाही. मारलेली मुलं गप्प बसतात, आणि गप्प बसलेला वर्ग बाहेरून शिस्तीचा दिसतो, एवढंच. बालगृहं आणि निरीक्षणगृहांच्या बाबतीत कायदा आणखी स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८२ नुसार तिथे मुलाला शिस्त लावायला मारलं तर पहिल्या वेळी दहा हजारांचा दंड आणि पुढच्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कोयता गँगमधली अल्पवयीन पोरं तिथेच जातात. तिथे ती मार खाऊन आणखी कडवी होऊन बाहेर येतात की दहावीचा फॉर्म भरून, यावर तुमच्या नाक्याचं पुढचं वर्ष ठरतं.

शेवटी, तुमच्या वस्तीसाठी करता येण्यासारखं. सगळ्यात आधी, फिर्याद एकट्याने देऊ नका. ज्यांच्या गाड्या फुटल्या त्या सगळ्यांचे जबाब घ्यायला लावा, नुकसानीचे फोटो आणि दुरुस्तीची बिलं जोडा, सीसीटीव्हीचं फुटेज पोलिसांनी पंचनाम्यासह ताब्यात घेतलं की नाही ते विचारा. काही दिवसांत ते पुसलं जातं. गुन्हा फक्त हत्यार कायद्याच्या कलम ४/२५ आणि पोलीस कायद्याच्या ३७/१३५ खाली नोंदवून मोकळे होत असतील, तर मालमत्तेच्या नुकसानीचं आणि धमकीचं कलम का नाही ते लेखी विचारा. नुसत्या हत्यार बाळगण्याच्या कलमावर जामीन झटकन होतो.

जामीन झालाच तर अटी काय आहेत त्याची प्रत घ्या. ‘फिर्यादीच्या परिसरात फिरायचं नाही’ अशी अट असेल आणि तो नाक्यावर दिसला, तर तारीख-वेळेचा फोटो घेऊन तपासी अंमलदाराला आणि सरकारी वकिलाला द्या. अटीचा भंग हे जामीन रद्द करायला पुरेसं कारण आहे आणि मी असे जामीन रद्द होताना पाहिलेत. सराईत असेल तर चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र लिहून घेणं, आणि त्यानंतर तडीपारीचा प्रस्ताव, हे मार्ग पोलिसांकडे आहेत: पहिला नागरिक सुरक्षा संहितेत, दुसरा १९५१ च्या पोलीस कायद्यात. ते चालवायला वस्तीतल्या लोकांचे जबाब लागतात, आणि तडीपारीत नाव गुप्त ठेवून जबाब घेता येतो.

साक्षीला जा. खटले पडतात ते बहुतेक इथे. तीन वर्षांनी समन्स येतं, तोवर राग विझलेला असतो, आरोपीच्या आईने घरी येऊन रडून गेलेलं असतं, आणि माणूस कोर्टात ‘मला नीट आठवत नाही’ म्हणतो. भीती वाटत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मंजूर केलेल्या योजनेखाली साक्षीदाराला संरक्षण मागता येतं. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे जातो आणि पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. अर्ज लिहायला वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. तिथे तो फुकट लिहून मिळतो.